तांदळाचे वय

ओसाका, ३ जून २०२५

तोकुजीमामा,

आज पत्राची सुरुवात एका कोड्यानं करते. तोच तांदूळ, तेच भांडं, तेच मापाचं पाणी. नवा असताना त्याची शितं एकमेकांना धरून बसतात, आणि तोच पोत्यात पडून जुना झाला की ताटात एकेक शीत वेगळं होतं. भात शिजवणाऱ्या कुणीही हे पाहिलेलं असतं. मीही पंधरा वर्षं पाहतेय, पण का असं होतं हे कधी विचारलं नाही. आता विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

तुम्ही बातम्यांत पाहिलं असेलच. तांदळाचा भाव वर्षभरात दुप्पट झाला आणि सरकारनं राखीव साठ्याची कोठारं उघडली. आमच्या नागुरा दुकानदाराकडे २०२१च्या पिकाचा तांदूळ आलाय. त्याच्यासाठी सकाळी सातपासून रांग लागते. लोकांना आता जुनेपणाचंच कौतुक वाटायला लागलंय, पिंपातल्या दारूचं वय विचारावं तसं 'कुठल्या सालचा?' म्हणून विचारतात. समोरच्या साकाझाकीनं तर तांदूळच सोडला. उकडलेल्या शेवया साच्यात मुटक्यासारख्या दाबतो, वर नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा, पापुद्रा गुंडाळतो आणि 'भाताविना ओनिगिरी' म्हणून विकतो. त्याच्याकडेही रांग असते.

मी त्या जुन्या तांदळाची एक पिशवी आणली आणि नेहमीसारखा भात लावला. भाताचा मुटका वळून पहिली ओनिगिरी मुनेओकांना दिली. तेच, गोदीवर क्रेन चालवायचे ते. ती त्यांच्या हातातच फुटली. ते शांतपणे मांडीवरची शितं वेचत म्हणाले, "हानाएबाई, आज भातानं माझ्याशी संबंध तोडले."

तेव्हा मामा, सारण भरलेल्या ओनिगिरीसाठी हा तांदूळ कसा वश करायचा ते सांगा. नुसत्या मिठाच्या ओनिगिरीला मी तुमच्याच पोत्यातला वापरणार. तिच्यात लपवायला काहीच नसतं, आणि दारावरची पाटीच 'मामांच्या शेतातला तांदूळ' अशी आहे. आठ बाकड्यांचं हे दुकान त्या पाटीवर उभं आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
हानाए


त्सुरुओका, ९ जून २०२५

प्रिय हानाए,

आज पहाटेचे तापमान चौदा अंश होते. शेतांत पाणी भरले आहे आणि मी रोज सकाळी बांधापर्यंत जाऊन येतो.

तुझा प्रश्न वाचून मी कृषी संशोधन केंद्रातल्या माझ्या जुन्या वह्या काढल्या. तेथे मी एकतीस वर्षे तांदूळ तपासला, पण इतका नेमका प्रश्न मला माझ्या वरिष्ठांनीही कधी विचारला नाही. आता सावकाश वाच.

भाताला जो चिकटपणा येतो, तो दाण्याच्या बाहेरून येत नाही. शिजताना दाणा फुगतो, त्याच्या आतल्या पेशींच्या भिंती सैल होतात आणि पिष्ट थोडेसे झिरपून पृष्ठभागावर येते. ही झिरपलेली खळ म्हणजेच शितांमधला डिंक होय. नव्या तांदळाच्या भिंती कोवळ्या असतात, म्हणून खळ सहज बाहेर पडते. साठवणीत मात्र दोन गोष्टी घडतात. पेशींच्या भिंती आणि पिष्टाभोवतीची प्रथिने हळूहळू ताठर होतात, त्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि खळ बाहेर येत नाही. दुसरे म्हणजे, दाण्याच्या बाहेरच्या थरातली चरबी फुटते आणि तिची आम्ले बनतात. जुन्या तांदळाला जो पुठ्ठ्यासारखा वास येतो तो या चरबीचा. थोडक्यात, जुना तांदूळ वाईट झालेला नसतो. त्याने दार लावून घेतलेले असते, आणि ते आपल्याला उघडावे लागते.

त्यासाठी नागुराला सांगून तो तांदूळ पुन्हा एकदा हलकासा सडून घे, म्हणजे वासाचा थर निघून जाईल. मग तो थंड पाण्यात निदान दोन तास भिजव. पाणी नेहमीपेक्षा दहावा हिस्सा जास्त घाल आणि भांडे चुलीवर ठेवताना त्यात बर्फाचे चार खडे टाक. उकळी उशिरा येते, तेवढ्यात पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. साके दारू असल्यास एक चमचा घाल. त्याच्या वाफेबरोबर उरलासुरला वासही जातो.

शेजारी नागुराचा साधा तांदूळ शिजवून दोन्हींची तुलना कर. केवळ आठवणीवर विसंबून चव ठरवू नये.

तुझा मामा,
तोकुजी


ओसाका, २१ जून २०२५

मामा,

बर्फानं काम केलं. परवा मुनेओकांनी तीच ओनिगिरी शेवटच्या घासापर्यंत अखंड खाल्ली आणि म्हणाले, समेट झालेला दिसतोय.

तुम्ही तुलना करायला सांगितलीत, पण मला वाटलं, करायचीच तर सर्वांत चांगल्या तांदळाशी करू. म्हणून एका ताटलीत सरकारी आणि दुसऱ्या ताटलीत तुमचा ठेवला आणि कुठली कुठल्या तांदळाची ते सांगून नेहमीच्या आठ गिऱ्हाइकांना विचारलं. आठही जणांनी एका सुरात तुमच्या तांदळाला कौल दिला. ओकुनोआजी तर डोळे मिटून म्हणाल्या की घासात त्सुरुओकाचं पाणी लागतंय. मला भरून आलं. मग ताटल्या उचलताना लक्षात आलं, मांडतानाच माझ्या हातून अदलाबदल झाली होती. त्यांनी ज्याला 'मामांचा' म्हणून नावाजला तो चार वर्षांचा सरकारी तांदूळ होता.

मी कुणालाही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या आणि एक डबा ठेवला. नाव लिहू नका, नुसतं डावी की उजवी एवढंच लिहा, असं सांगितलं. नऊ चिठ्ठ्या आल्या. सहांवर लिहिलं होतं, 'दोन्ही रुचकर. आभारी आहोत.' एकीवर फूल काढलं होतं.

आता सांगा, या लोकांकडून खरं कसं काढायचं?

हानाए


त्सुरुओका, २८ जून २०२५

प्रिय हानाए,

तुझे पत्र वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. माझ्या आयुष्यातला पहिला अहवालही असाच बुडाला होता. गावच्या अकरा शेतकऱ्यांना मी त्यांच्याच सभापतींचा तांदूळ चाखायला दिला होता.

तुझी चूक फार शिकवण्यासारखी आहे, म्हणून ती नीट मांडतो. आपल्याकडे यजमानीणबाईंसमोर कोणी एकाला डावे म्हणत नाही. चिठ्ठीवर नाव नसले तरी नऊ माणसांच्या दुकानात प्रत्येकाचे अक्षर प्रत्येकाला ओळखता येते. तेव्हा तू मोजलीस ती चव नव्हती. तू त्यांचे तुझ्यावरचे प्रेम मोजलेस, आणि ते अर्थातच एकमताने तुझ्याच बाजूने पडले. विचारले की आपली माणसे सौजन्य दाखवतात. म्हणून विचारूच नये.

तोंडाला न विचारता ताटलीला विचार. मिसो सूपबरोबर दोन लहान वाट्या भात दे आणि काही बोलू नकोस. वाट्यांची डावी-उजवी बाजू रोज बदल. जेवण झाल्यावर प्रत्येक वाटीत उरलेला भात वजन करून लिहून ठेव. माणूस जिभेने खोटे बोलतो, पण दुसऱ्या घासाला हात कोणत्या वाटीकडे गेला हे लपवू शकत नाही. सहा दिवस कर, म्हणजे एखाद्या दिवसाची भूक किंवा उकाडा निकाल बिघडवणार नाही.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. माझा तांदूळ यात घेण्याचे कारण नाही. तुझा प्रश्न सरकारी तांदूळ नागुराच्या तांदळाची जागा घेऊ शकतो का, हा आहे. एका वेळी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे.

तोकुजीमामा


ओसाका, १४ जुलै २०२५

मामा,

तुम्ही नको म्हणालात तो तुमचा संकोच, असं मी समजले आणि तुमचाच तांदूळ घेतला. सहा दिवस, रोज एकवीस माणसं, आणि सगळी वजनं वहीत लिहिली आहेत. वही सोबत जोडतेय, पण निकाल एका ओळीत सांगते. दोन्ही वाट्यांतला उरलेला भात सारखाच. रोज, अगदी चार-पाच ग्रॅमच्या आत.

म्हणजे गेल्या शरदातला तुमचा नवा तांदूळ आणि चार वर्षं कोठारात पडलेला तांदूळ यांत माणसांना फरकच कळत नाही. हे शक्य नाही. मग दोन दिवस मी विचार केला आणि कारण सापडलं. मार्चमध्ये तळणीची कढई मी मागच्या खोलीत हलवली. तुमची पोती त्याच भिंतीला लागून असतात. थर्मामीटर आणून लावला तर दुपारी बत्तीस अंश. तुम्ही बारा महिने राबून पिकवलेला तांदूळ मी गेले चार महिने भिंतीला लावून भाजत आले, मामा. म्हणूनच त्यानं दार लावून घेतलं.

आता मला ती पाटी दारावर ठेवणं जमेल असं वाटत नाही. तुमच्या शेताचं नाव लावायचं आणि आत असा तांदूळ द्यायचा, हे ओकुनोआजींना फसवणं आहे. या महिन्याअखेर पाटी उतरवावी म्हणते. मिठाची ओनिगिरीही बंदच करीन. रागावलात तरी चालेल, पण कळवा.

हानाए


त्सुरुओका, २ ऑगस्ट २०२५

प्रिय हानाए,

उत्तराला उशीर झाला. मी ते तीनदा लिहून फाडले.

सोबत कापसात गुंडाळलेली एक लहान बाटली आहे. संशोधन केंद्रात आम्ही तांदळाचे वय याने पाहायचो. तीन स्वच्छ काचेचे पेले घे. एकात सरकारी तांदळाचे पन्नास दाणे, दुसऱ्यात नागुराच्या गेल्या शरदातल्या तांदळाचे पन्नास आणि तिसऱ्यात माझ्या पोत्यातले पन्नास टाक. प्रत्येकात तीन चमचे पाणी आणि बाटलीतले दहा थेंब टाकून अर्धा मिनिट हलव. चरबी फुटून आम्ले झाली नसतील तर द्रव हिरवा राहतो. जसजसे वय वाढते तसतसा तो पिवळ्याकडे आणि पुढे नारिंगीकडे झुकतो.

तू पेले हलवण्यापूर्वीच मी तुला तिसऱ्या पेल्याचा रंग सांगतो. तो नागुराच्या पेल्यासारखा हिरवा होणार नाही. तो पिवळा होईल, आणि त्यात तुझ्या कढईचा दोष नसेल. पोते घट्ट बांधून ठेव आणि आतल्या मधल्या दाण्यांवर कर, म्हणजे भिंतीचा संशयही उरणार नाही.

माझा तांदूळ गेल्या शरदातला नाही. तो त्याच्याही आधीच्या शरदातला, २०२३चा आहे. २०२४च्या वसंतात मी चिखलात उतरलो आणि मला पाय बाहेर काढता आला नाही. शेजारच्या किकुनोबाईंनी हाक ऐकली म्हणून चौघांनी मिळून मला ओढून काढले. त्याच आठवड्यात मी शेते गावच्या कंपनीला कसायला दिली. आता तेथे बियाणे आकाशातून, यंत्राने पेरले जाते. चांगले येते. मी बांधावर जातो तो पाहायला, कामाला नाही.

माझ्या थंड कोठारात शेवटच्या पिकाची पोती होती. त्यांतूनच मी तुला पाठवत राहिलो. गेल्या ऑक्टोबरात पोत्यावर 'नवा' लिहिताना माझा हात थांबला होता, तरी मी लिहिले. तू त्यावरून दुकानात 'नवा तांदूळ आला' अशी पट्टी लावलीस आणि तिचे छायाचित्र मला पाठवलेस. त्यानंतर खरे सांगणे दर महिन्याला अधिक अवघड होत गेले.

कारणही सांगतो, कारण कारण न देता निष्कर्ष देणे मला जमत नाही. दर महिन्याला मी दोन पोती पाठवतो आणि त्यांबरोबर एक पत्र, आणि तुझे उत्तर येते. पोते नसेल तर पत्र कशाबरोबर पाठवायचे, हे मला सुचेना.

तू वाट्यांची वजने लिहिलीस ती वही मी तपासली. एकही चूक नाही. इतक्या स्वच्छ कामापुढे मला आणखी गप्प राहता आले नाही.

आता कोठारात चार पोती आहेत. पाटी उतरव. पण कढईमुळे नव्हे, माझ्यामुळे.

तोकुजी


ओसाका, २० ऑगस्ट २०२५

मामा,

तुमचा पेला पिवळा झाला. नागुराचा हिरवट, सरकारी नारिंगीकडे झुकलेला. तुम्ही सांगितलात तसाच.

मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. जुन्या तांदळाचा नाही. तुम्ही चिखलात अडकलात आणि मला ते सव्वा वर्षानं, तेही तांदळाच्या निमित्तानं कळलं, याचा आहे. मी मात्र थर्मामीटर घेऊन भिंतीशी बोलत बसले होते.

सोमवारी मी दुकानात सगळं सांगितलं. पट्टी मी लावली होती, तेव्हा सांगायचंही मीच. मान खाली घालून माफी मागितली. मग मुनेओका म्हणाले, "दहा महिने मी जुनाच तांदूळ खाऊन 'वा, नवा तो नवाच' म्हणत होतो. उतरवायचीच तर माझी जीभ उतरवा. पाटी बिचारी काय करील?"

ओकुनोआजींनी एवढंच विचारलं की मामांचा पाय आता कसा आहे. मला ते माहीतच नव्हतं.

तरी पाटी उतरवली आहे. तिच्या जागी भिंतीचा उजळ चौकोन दिसतो. तिथं काय लागेल, किंवा काही लागेल की नाही, हे आता तुमच्यावर आहे. सोबत तीन पिशव्या पाठवतेय, एक, दोन, तीन असे आकडे घातलेल्या. दोन पिशव्यांत एकच तांदूळ आहे आणि एकीत निराळा. दोन्ही नागुराकडचेच. तो म्हणतो, हे दोन ओळखणारा माणूस त्यानं चाळीस वर्षांत पाहिला नाही.

तुम्ही ओळखलात, तर दर महिन्याला मी पिशव्या पाठवीन आणि मिठाच्या ओनिगिरीचा तांदूळ तुम्ही निवडायचा. नाही ओळखलात, तर ती ओनिगिरी बंद होईल आणि त्या चौकोनावर मी दिनदर्शिका टांगीन. पोती नकोत. ती चार तुम्ही स्वतः खा.

आणि पायाबद्दल लिहा. सविस्तर.

हानाए


त्सुरुओका, ३ सप्टेंबर २०२५

प्रिय हानाए,

उजवा गुडघा. सपाट रस्त्यावर काही होत नाही, पायऱ्या उतरताना दुखतो. सकाळी वीस मिनिटे शेकतो. डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात आणि मी विचार करतो असे म्हणतो. पुढच्या पत्रापर्यंत खरेच विचार करीन.

आता पिशव्या. तिन्ही तांदूळ मी एकाच मापाने शिजवले, पण टेबलाशी बसल्यावर ध्यानात आले की वाट्या मीच भरल्या तर कोणत्या वाटीत काय आहे हे मला आधीच ठाऊक असणार, आणि जाणणारी जीभ चाखत नाही, ती फक्त होकार देते. म्हणून मी किकुनोबाईंचे दार वाजवले. त्या दिवशीनंतर त्यांना घरात बोलावले नव्हते. मला ओढून काढताना त्यांनी पाहिले होते, याचा मला संकोच होता. त्या हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "सव्वा वर्षानं बोलावलंत, तेही रिकाम्या वाट्या मांडायला?" तरी बसल्या.

त्यांनी माझ्या पाठीमागे वाट्या भरल्या, बुडाला आकडे लिहिले आणि फिरवून मांडल्या. एकदा ओळखल्याने काही सिद्ध होत नाही, कारण डोळे झाकून बोट ठेवले तरी तीनांपैकी एकदा ते बरोबर पडते. म्हणून आम्ही सहा फेऱ्या केल्या. सहापैकी पाच वेळा मी दोन क्रमांकाची पिशवी निराळी म्हणून काढली. निव्वळ नशिबाने इतके जुळण्याची शक्यता छप्पन्नात एक आहे. तेव्हा नागुराला माझा नमस्कार सांग.

मग किकुनोबाईंनी चाखायचा हट्ट धरला. त्यांनी सहापैकी सहा वेळा ओळखले. मी वाट्या मांडण्याची पद्धत दोनदा बदलून पाहिली, निकाल बदलला नाही. त्यामुळे यापुढे तुझा तांदूळ आम्ही दोघे निवडू, आणि मतभेद झाल्यास, दुर्दैवाने, त्यांचे मत धरले जाईल.

एक आणि तीनमधला तांदूळ या उन्हाळ्यातला लवकर येणारा नवा आहे. तो चिकट आहे, पण त्याला गोडी कमी. दोन क्रमांकाचा गेल्या शरदातला. त्याची गोडी उतरलेली नाही. दोन भाग नवा आणि एक भाग गेल्या वर्षीचा असे मिसळ, पाणी नेहमीचेच ठेव, आणि मिठाची ओनिगिरी चालू ठेव. भिंतीवर माझे नाव नको. 'दोन हिस्से यंदाचा, एक हिस्सा गेल्या वर्षीचा' असे लिही आणि दर महिन्याला खडूने बदलत जा.

कोणाला या मिश्रणाविषयी शंका असेल, तर त्याला घरी करता येईल अशी चाचणी सांग. ओनिगिरीच असली पाहिजे असे नाही. दोन दुकानांतला भात, दोन गाईंचे दूध, दोन विहिरींचे पाणी, काहीही चालेल. तीन सारख्या वाट्या घ्याव्यात. दोन वाट्यांत एक पदार्थ, तिसरीत दुसरा. बुडाला खूण करून त्या फिरवून मांडाव्यात. चाखणाऱ्याने बरे-वाईट काही सांगू नये, फक्त निराळी कोणती तेवढी दाखवावी. असे सहा वेळा करावे. पाच वेळा बरोबर आले तर फरक खरा समजावा. त्याहून कमी आले तर फरक आपल्या मनातला समजून स्वस्त असेल तो घ्यावा.

मात्र ही चाचणी एकट्याने होत नाही. वाट्या मांडणारे माणूस निराळे लागते. कोणाला तरी हाक मारावी.

तोकुजीमामा